कापसाच्या शहरातील चिंध्या : महापालिका आयुक्तांस खुले पत्र

बृहन्मुंबई महानगरपालिकेचे माननीय आयुक्त यांच्या सेवेशी,

महोदय,

आपल्यापुढे रोज येणाऱ्या दरखास्तींत रस्ते, पाणी, पूल, रुग्णालये आणि करवसुली असे मोठमोठे विषय एकमेकांना मागे सारीत पुढे येत असतात, याची पूर्ण जाणीव ठेवून आणि माझ्या विषयाची जागा त्या रांगेत बरीच मागे आहे हे मान्य करून मी हे पत्र लिहीत आहे. विषय असा : या शहरातील शिंप्यांच्या दुकानांत आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांत रोज जी कातरण पडते, तिच्यातून प्राण्यांच्या निवाऱ्यांतील कुत्र्यामांजरांसाठी खेळणी शिवून घेण्याची तजवीज महापालिकेने करावी. एवढे वाचून आपणांस हसू येईल. येणे स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या दप्तरात ज्या जबाबदाऱ्या आज आधीच नोंदलेल्या आहेत, त्यांतील एका जबाबदारीचा हा अगदी स्वस्तात होऊ शकणारा भाग आहे, असे दाखवून देता येईल अशी माझी खात्री असल्यामुळे पुढील मजकूर वाचावा अशी विनंती आहे.

मी परळची रहिवासी. महापालिकेच्या शाळांत मुलींना शिवणकाम शिकविण्यात माझी नोकरी गेली. तेव्हा कापडाविषयी जे लिहीन ते हातच्या अनुभवाने, आणि कायद्याविषयी जे लिहीन ते एका नागरिकाच्या अधिकाराने, असे समजावे.

मुंबईत प्राण्यांविषयीच्या कळवळ्याला जुना इतिहास आहे, आणि तो नुसत्या भूतदयेचा नसून शहराच्या व्यवस्थेशी जोडलेला आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत ठरावीक महिन्यांत मोकाट कुत्री मारण्याचा रिवाज होता. मारणाऱ्यास इनाम मिळे. आणि इनामाच्या लोभाने माणसे पाळीव कुत्र्यांनाही सोडीनाशी झाली, तेव्हा ६ जून १८३२ रोजी पारशी समाज संतापून रस्त्यावर आला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे व्यापारी सहकारी यांनी पांजरपोळ स्थापन केला. १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत निघाली, १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८८६ साली त्याच परळमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आता, ज्यांच्या कुटुंबाचे नाव त्या रुग्णालयास आहे, ते दिनशा माणेकजी पेटिट कोण, याचा विचार केला तर माझ्या अर्जाचे मूळ सापडते. ते या शहरातील कापसाच्या गिरण्यांचे एक अग्रगण्य मालक होते. म्हणजे ज्या सुताने मुंबईला वैभव दिले, ज्या सुतावर गिरणगावातील लाखो माणसांनी आयुष्ये काढली, त्याच सुताच्या नफ्यातून या शहरातील मुक्या जनावरांच्या औषधपाण्याची सोय झाली.

१९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेचे मनोरे आले, हे खरे. पण कापड काही मुंबई सोडून गेले नाही. धारावीच्या गल्ल्यांतून, कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांतून आणि प्रत्येक बाजारपेठेतील ब्लाऊज शिवणाऱ्या टपरीएवढ्या दुकानांतून ते आजही कापले जात आहे, आणि जेथे कापड कापले जाते तेथे कातरण पडणारच. मोठ्या कारखान्याची चिंधी वजनावर विकली जाते. तिला गिऱ्हाईक आहे. एकट्या शिंप्याच्या दुकानातील तळहाताएवढ्या तुकड्यांना मात्र ते नाही. गोधडीला ते पुरत नाहीत, ठिगळाला रंग जुळत नाही, आणि साठवावे तर दुकानात जागा नाही. मग ते झाडून पिशवीत भरले जातात आणि जेथे १९२७ सालापासून शहराचा कचरा साठत आला त्या देवनारसारख्या क्षेपणभूमीवर जातात, नाहीतर गटारात अडकून पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत चिखलासकट वर येतात. शहराच्या एका टोकाला असा हा निरुपयोगी ठरलेला जिन्नस आहे. दुसऱ्या टोकाला काय आहे, ते आता सांगते.

आजवर रस्त्यावरील कुत्र्यांविषयीचे धोरण असे होते की कुत्रा पकडावा, त्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करावे, आणि जेथून उचलला तेथेच सोडून द्यावा. २००१ च्या नियमांनी हेच ठरविले आणि २०२३ च्या नियमांनी तेच कायम केले. अशा व्यवस्थेत कुत्र्याचा पिंजऱ्यातील मुक्काम थोड्या दिवसांचा असे, आणि थोड्या दिवसांच्या पाहुण्याच्या करमणुकीची चिंता कोणी करीत नसे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी असा आदेश दिला की शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील मोकाट कुत्री उचलून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर निवाऱ्यांत ठेवावीत आणि पुन्हा त्या जागी सोडू नयेत. या आदेशाच्या योग्यायोग्यतेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. चाव्यांनी जखमी झालेल्या मुलांच्या आईबापांचे दुःख मी जवळून पाहिले आहे, आणि न्यायालयापुढे तेच दुःख होते. मात्र त्या आदेशाचा एक परिणाम निर्विवाद आहे. थोड्या दिवसांचा पाहुणा आता कायमचा रहिवासी होणार आहे, आणि कायमच्या रहिवाशाविषयीचे कर्तव्य अन्नपाण्यापाशी संपत नाही.

हे माझे भावुक मत नाही; हा कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खाजगी विधेयक आणून, आणि पंडित नेहरूंच्या आश्वासनावरून ते मागे घेऊन, ज्या कायद्याचा पाया घातला, त्या १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात, ज्याच्या ताब्यात प्राणी असेल त्याने त्या प्राण्याच्या सुस्थितीसाठी वाजवी उपाय योजिले पाहिजेत, असे कर्तव्य सांगितले आहे. पुढे ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींच्या व जल्लिकट्टूच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जगभर मान्य झालेली पाच स्वातंत्र्ये या कायद्याच्या अर्थात समाविष्ट केली : भूकतहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना व रोगापासून, भय व क्लेशापासून मुक्तता, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक. पहिल्या तीन स्वातंत्र्यांसाठी आपल्या अंदाजपत्रकात रकमा असतात. शेवटच्या दोहोंसाठी रक्कम नसते, कारण ती स्वातंत्र्ये कोणत्या वस्तूने द्यावयाची हे कोणी सुचविलेले नसते. मी वस्तू सुचवीत आहे.

कुत्र्याचा स्वभाव हुंगण्याचा, चावण्याचा, ओढण्याचा. मांजराचा स्वभाव दबा धरण्याचा, झडप घालण्याचा, पकडलेले भक्ष्य पुढच्या पायांनी कवटाळून मागच्या पायांनी झोडपण्याचा. सिमेंटच्या फरशीवर, लोखंडी जाळीच्या आत, यांतील काहीही करण्यास जागा नसते. मग कुत्रे एकाच वर्तुळात फिरू लागते, स्वतःचे शेपूट धरू पाहते, पंजा चाटून चाटून त्याला जखम करून घेते, किंवा जाळीपुढून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकत सुटते; मांजर कोपऱ्यात तोंड घालून पडते आणि अन्नाकडे पाठ फिरविते. निवाऱ्यातील नोकरमाणसे याला ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात, आणि त्यांचे निदान फारसे चुकीचे नसते. अशा जनावराला दत्तक घेण्यास आलेले कुटुंब दोन पावले मागे सरते, सफाई करणाऱ्या इसमाला त्याचा धोका वाढतो, आणि पिंजरा अडून राहतो. कापडाचे एक खेळणे हा सगळा मामला मिटवील असे मी म्हणत नाही. २०१४ च्या गणनेत ज्या शहरात ९५,१७२ भटकी कुत्री मोजली गेली, तेथे निर्बीजीकरण, लस आणि कचऱ्याचा बंदोबस्त हेच मुख्य उपाय होत. पण जी जनावरे आपल्या कुलपात आहेत त्यांच्या दिवसातील काही तास तरी या खेळण्याने कामी लागतात, आणि हा लाभ थोडा नव्हे.

आता शिवणकामाविषयी. येथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण सदिच्छेने शिवलेले वाईट खेळणे हे खेळणे नसण्यापेक्षा वाईट असते.

सर्वांत सोपा जिन्नस म्हणजे वेणी. जुन्या टी-शर्टाचे किंवा होजियरीचे कापड सात-आठ सेंटिमीटर रुंदीच्या आणि साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यांत कापावे. हे कापड कापल्यावर कडेने आत वळते आणि त्याचे दोरे सुटत नाहीत, म्हणून ते येथे उत्तम. दोन-दोन पट्ट्यांचा एक पेड, असे तीन पेड घेऊन घट्ट वेणी घालावी आणि दोन्ही टोकांना गाठ मारून ती दोघांनी ओढून बसवावी. वेणी घातल्यावर लांबी सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, हा हिशेब कापतानाच धरावा. दुसरा जिन्नस हुंगण्याच्या चटईचा. जुन्या जीन्सचा जाड तुकडा दुहेरी करून त्यावर दोन-दोन बोटांच्या अंतराने कापडाच्या पट्ट्या उभ्या मांडाव्या, प्रत्येक पट्टीच्या मध्यावर यंत्राची टीप मारून ती पक्की करावी, म्हणजे दोन्ही शेंडे वर राहून गवतासारखा दाट थर तयार होतो. त्यात कोरड्या खाद्याचे दाणे टाकले की कुत्रे नाकाने एकेक दाणा शोधून काढते. जे अन्न थाळीत क्षणात संपते त्यावर येथे बराच वेळ जातो, आणि हुंगण्याच्या श्रमाने जनावर शांत होते. मांजरासाठी वीतभर लांबीची, सुती अस्तराच्या कापडाची घट्ट वळलेली सुरळी करावी, वर जाड कापडाचे आवरण घालून दोन्ही तोंडे शिवून टाकावीत; कवटाळून झोडपण्यास ती नेमकी मापाची होते. परदेशी खेळण्यांत कॅटनिपची वाळलेली पाने भरतात. आपल्याकडे खोकली नावाची जी वनस्पती पावसाळ्यात भिंतीच्या कडेला उगवते, तिच्या मुळांचीही मांजरांना ओढ असते. मात्र पशुवैद्याच्या अनुमतीवाचून खेळण्यात काहीही भरू नये, असा नियम असावा.

चिंध्यांचा चेंडू तर आपल्या मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. लगोरी खेळलेल्या पिढ्यांनी तोच वापरला. परंतु मुलांच्या चेंडूवर सुतळी गुंडाळतात, आणि येथे सुतळी सर्वथा निषिद्ध आहे. कारण मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की तो बाहेर थुंकता येत नाही, आतच सरकतो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकले आणि दुसरे आतड्यात उतरले, की आतडे त्या दोऱ्यावर चुण्या पडल्याप्रमाणे गोळा होते, दोरा त्याला आतून कापतो, आणि शस्त्रक्रिया वेळेवर न झाल्यास जनावर मरते. ज्यांनी नाडीच्या दोरीवर चुण्या घातल्या आहेत त्या प्रत्येक शिवणारणीला हे चित्र सांगावे. मग धाग्याची शेपटी न कापता जिन्नस पुढे सरकविण्याचा हलगर्जीपणा तिच्या हातून होणार नाही. याच कारणास्तव रिबन, लेस, इलॅस्टिक, नाडी आणि गोंडे वर्ज्य. बटणाचे डोळे, टिकल्या, मणी, घुंगरू, हूक आणि चेन हेही वर्ज्य, कारण कुत्र्याच्या दातांपुढे यांतील एकही वस्तू टिकत नाही आणि प्रत्येक वस्तू गिळली जाते. जरीचे काठ, कितीही सुंदर असले तरी, बाजूला काढावे. स्पंज, थर्माकोल आणि उशीतील कृत्रिम कापूस भरू नये. खेळणे जनावराच्या तोंडात संपूर्ण मावेल एवढे लहान कधीही नसावे. शिवण आतल्या बाजूस, टीप बारीक आणि तिच्याशेजारी नखभर अंतरावर दुसरी टीप, असा दंडक असावा. आणि शेवटी दोघींनी दोन टोके धरून पूर्ण जोराने ओढावे. शिवण उसवली तर जिन्नस नापास.

निवाऱ्याच्या बाजूनेही काही नियम लागतील. कापड कचऱ्याच्या गाडीतून उचललेले नसावे. शिंप्याच्या कातरीखालून थेट पिशवीत आलेले असावे, आणि शिवण्यापूर्वी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविलेले असावे. खेळणे एकट्या पिंजऱ्यातच द्यावे, कारण अनेक कुत्री एकत्र असली की एका वेणीवरून मारामारी जुंपते. ज्याच्या पोटावर नुकतेच टाके पडले आहेत त्याला ओढाताणीचे खेळणे देऊ नये, आणि रेबीजच्या संशयावरून निरीक्षणाखाली असलेल्या जनावराच्या पिंजऱ्यात काहीही टाकू नये. पिल्लांना मारणारा पार्व्हो विषाणू आवारात महिनोन्‌महिने टिकतो, साध्या साबणाने मरत नाही. म्हणून त्या कोठडीतील खेळणे धुऊन दुसऱ्याला देण्याऐवजी रोग्याबरोबरच्या दूषित कचऱ्यात टाकून नष्ट करावे. रबराचे महागडे खेळणे टाकून देताना मन कचरते आणि ते पुढच्या पिंजऱ्यात जाते. चिंध्यांची वेणी टाकून देताना कोणाचाही हात अडखळत नाही. स्वस्तपणा हा या वस्तूचा मोठा वैद्यकीय गुण आहे, असे मी म्हणेन.

एक आक्षेप मला ऐकू येत आहे. ज्या शहरात माणसे पदपथावर झोपतात, तेथे कुत्र्यांना खेळणी? कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा सांगून या आक्षेपाला उत्तर देण्याचा मोह होतो, परंतु संतांची उदाहरणे अंदाजपत्रकाच्या चर्चेत आणणे उचित नव्हे. माझे उत्तर जमाखर्चाचे आहे. पदपथावर झोपणाऱ्या माणसाच्या तोंडचा घास या योजनेत कोठेही काढला जात नाही. कापड टाकाऊ आहे, यंत्रे आपल्या शाळांत व बचत गटांत आहेत, आणि ज्या बायका शिवतील त्यांच्या घरात उलट चार पैसे जातील. हे शेवटचे मी आग्रहाने लिहिते. पुण्यकर्म म्हणून बायकांकडून फुकट शिवून घेण्याची आपल्याकडे फार जुनी खोड आहे. तसे येथे होऊ नये. नगाप्रमाणे मजुरी ठरवावी, आणि ती उभी करण्यासाठी हीच खेळणी, महापालिकेच्या तपासणीचा शिक्का मारून, ज्या घरांत पाळीव कुत्री-मांजरे हौसेने सांभाळली जातात त्यांना बाजारभावाने विकावीत. विकलेल्या नगाच्या किमतीतून निवाऱ्यास दिलेल्या नगाची मजुरी निघावी.

तेव्हा माझी विनंती चार कलमांची आहे. घनकचरा व्यवस्थापन खात्याने शिंप्यांच्या दुकानांतून स्वच्छ सुती कातरण वेगळ्या पिशवीत गोळा करावी. शिक्षण खात्याने कार्यानुभवाच्या तासाला वेणी व चटई यांचा समावेश करावा. रुमालाच्या कडेला निमूटपणे धावदोरा घालणाऱ्या मुलीला आपण शिवलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडली हे समजले, तर तिचा टाका सुधारतो, हे मी शिक्षिका म्हणून सांगू शकते. बचत गटांकडे मजुरीचे काम द्यावे. आणि पशुवैद्यकीय आरोग्य खात्याने वर लिहिलेल्या नियमांसारखे एक पानी प्रमाणपत्रक मराठीत व हिंदीत छापून, प्रत्येक नग तपासून, महापालिकेच्या तसेच खाजगी संस्थांच्या निवाऱ्यांत पोहोचवावा. ही चारही कामे आपल्या अखत्यारीतील असल्यामुळे शासनाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. सर्व शहराचा पसारा एकदम मांडू नये. परळ-लालबाग ज्यात येते त्या एफ दक्षिण प्रभागात आधी चार महिने प्रयोग करावा, किती कापड आले, किती नग नापास झाले, किती नग जनावरांनी फाडले आणि कोणत्या शिवणीवर फाडले, याची नोंदवही ठेवावी, आणि नोंद वाईट निघाली तर योजना बंद करावी. मला त्यात अपमान वाटणार नाही.

कापसाच्या पैशातून या शहराने जनावरांचे रुग्णालय उभारले, त्याला सुमारे एकशे चाळीस वर्षे झाली. त्या वेळी एका धनिकाच्या दानाची गरज पडली होती. आज दान नको आहे. एक पानाचा हुकूम हवा आहे, आणि तो येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी निघावा, म्हणजे जूनपासून शाळांतील यंत्रे त्या कामाला लागतील. असा हुकूम निघाल्यास पहिल्या प्रभागातील मुलींना व बचत गटांतील बायकांना वेणी, चटई आणि सुरळी शिकविण्यासाठी मी विनामूल्य हजर राहीन. माझी मजुरी महापालिकेने माझ्या निवृत्तिवेतनात आधीच चुकती केलेली आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिवणशिक्षिका,
परळ, मुंबई